चावी कोणाकडे द्यायची

मे महिन्यातल्या भर दुपारी, मरोळ नाक्यावरच्या रसाच्या गाडीपाशी, पूर्ण बाह्यांचा मरून स्वेटर घालून उसाचा रस पिणारा माणूस तुम्ही कधी पाहिला असेल, तर ते आमचे काका. रसवाल्याने पहिल्या वर्षी काळजीने विचारलं होतं, "काका, ताप आलाय काय?" दुसऱ्या वर्षापासून तो न विचारताच बिनबर्फाचा ग्लास पुढे करायला लागला. काकांचं म्हणणं असं, की दिवसातले सात तास मी थंडीत काढतो, उन्हात फक्त वीस मिनिटं. मग वीस मिनिटांसाठी कपडे बदलायचे, की सात तासांसाठी घातलेले ठेवायचे? हिशेब बरोबर होता. काकांचे सगळेच हिशेब बरोबर असायचे, फक्त बघणाऱ्याला ते वेड्यासारखे दिसायचे.

त्यांचं नाव इथे देत नाही. दिलं, आणि त्यांच्या वाचनात आलं, तर फोन करून पहिला प्रश्न विचारतील, "किती ठिकाणी छापलंय? तीन ना?"

आमची कंपनी लोकांचे स्कॅन सांभाळायची. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतची आणि इकडे घाटकोपर-मुलुंडची लहान हॉस्पिटलं, सोनोग्राफी सेंटरं, कोपऱ्यावरचे एक्स-रेवाले, या सगळ्यांचे फोटो वायरीतून आमच्याकडे यायचे आणि राहायचे. लोकांना वाटतं, एक्स-रे काढला, डॉक्टरने पाहिला, विषय संपला. पण तीन वर्षांनी छातीत ठिपका दिसला की डॉक्टर पहिल्यांदा म्हणतो, "जुना फोटो आहे का?" जुन्या फोटोतही तोच ठिपका तेवढाच असेल, तर माणूस हसत घरी जातो. नसेल, तर पुढचं सगळं सुरू होतं. तो जुना फोटो जागेवर सापडणं, हेच आमचं काम. आणि ज्या खोलीत ही सगळी यंत्रं थंडगार हवेत घुमत उभी असायची, त्या खोलीचे मुखत्यार काका. बाकी जग त्या खोलीला सर्व्हर रूम म्हणतं. काका म्हणायचे कोठी. त्यांच्या आजीकडे भाताची कोठी होती, तीत पावसाळाभर एक दाणा ओला झाला नाही, असं ते सांगायचे, आणि आपल्याला एवढंच करायचंय, असं म्हणायचे.

मी तिथे लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. घाटकोपरहून मेट्रोने यायचे, कानात गाणी, डोक्यात स्वतःच्या हुशारीविषयी बऱ्यापैकी चांगलं मत. पहिल्या दिवशी मी त्यांना "सर" म्हटलं. त्यांनी मागे वळून पाहिलं, की सर कोण आलेत.

"काका म्हण. आणि चपला बाहेर."

"काका, इथे सेफ्टी शूज घालायचे असतात ना?"

"ते ऑडिटवाले आले की. एरवी धूळ कोण झाडणार, ऑडिटवाले?"

तर चपला बाहेर. कोठीच्या दारात देवळासारखी चपलांची रांग असायची. कोणी नवा पाहुणा आला की आत काहीतरी पूजा चालू आहे असं समजून तो हळू आवाजात बोलायला लागायचा.

काकांचा वार मंगळवार. दर मंगळवारी अकरा वाजता ते श्रीखंडाचा एक जुना प्लास्टिकचा डबा घेऊन बाहेर यायचे. त्यात चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक नंबर, म्हणजे आमच्याकडे ठेवलेल्या कुठल्यातरी एका फोटोचा. जो समोर सापडेल त्याने चिठ्ठी काढायची. रिसेप्शनवरची बाई, कुरियरवाला, एकदा तर डायरेक्टरांना भेटायला आलेला बँकेचा माणूस. निघालेला नंबर आमच्यापैकी एकाच्या हातात द्यायचा, आणि त्याने जेवायच्या सुट्टीआधी तो फोटो कोठीतून शोधून, उघडून, काकांच्या स्क्रीनवर दाखवायचा. नाही दाखवला तर काका जेवायचे नाहीत. रागावून वगैरे नाही. ते नुसते डबा न उघडता बसून राहायचे, आणि मग आपल्या घशाखालीही घास उतरायचा नाही.

"ठेवणं कोणालाही जमतं गो," ते म्हणायचे. "मागितल्यावर परत देता आलं, तर त्याला ठेवणं म्हणायचं. नाहीतर ते टाकणंच."

फोटो आला की ते चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनला नाक लावून बघायचे. त्यांना त्यातलं काही कळायचं नाही. कोणाचा तरी घोटा, कोणाचं तरी फुप्फुस, नाव झाकलेलं. पण "आलास? बरां," असं म्हणायचे, जसं काही पोर शाळेतून घरी आलंय. पहिले काही महिने मी हे घरी जाऊन नक्कल करून दाखवायचे आणि आई हसून हसून बेजार व्हायची. नंतर एकदा माझ्या वाट्याला सहा वर्षांपूर्वीचा एका बाळाच्या मनगटाचा फोटो आला. उघडला, तर काडेपेटीतल्या काड्यांएवढी बारीक हाडं, नीट जागच्या जागी. माझ्याही तोंडून निघून गेलं, "आलास?" काकांनी ऐकलं. त्या दिवशी त्यांनी डब्यातली निम्मी सुकटीची चटणी मला दिली.

त्यांचा जन्म इथला, पण घर मालवणी. वडील गिरणीत होते, ते मुलुंडला खोली घेऊन राहिले, आणि काकाही मुलुंडलाच. एखादं 'गो', 'बरां' सोडलं तर एरवी ते आपल्यासारखं फटाफट मुंबईचं मराठी बोलायचे. मात्र कोणी बढाई मारायला लागलं की त्यांच्या तोंडून एकच मालवणी शब्द यायचा. "मगे?" म्हणजे, मग? पुढे काय?

हा शब्द किती जड असतो ते मी शिकले आमच्याकडे विक्रेते यायला लागले तेव्हा. झालं होतं असं, की कोठीतला जुना पेटारा भरला होता. एकाच कंपनीचं एक मोठं कपाट, त्यात सगळे फोटो. त्या कंपनीने आता त्याची दुरुस्ती बंद केली होती. नवीन पद्धत अशी, की असं एकच महागडं कपाट घ्यायचंच नाही. साध्या मशिनी घ्यायच्या, त्यांच्यावर एक सॉफ्टवेअर बसवायचं. ते सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोच्या तीन प्रती करतं आणि तीन वेगळ्या मशिनींवर ठेवतं. एखादी मशीन मेली तर उरलेल्या दोन प्रतींवरून तिसरी करून घेतं. जागा संपली की आणखी एक मशीन जोडायची, संपलं. अशी सॉफ्टवेअरं बाजारात भरपूर. त्यातलं एक निवडायचं होतं, आणि मार्चअखेर काका निवृत्त होणार होते. म्हणजे ते निवडणार आणि जाणार. त्यांच्या मागे लाखो लोकांचे फोटो त्या निवडीच्या भरवशावर राहणार. त्या दिवसांत काका रसाच्या गाडीवर दोन-दोन ग्लास प्यायचे, यावरून काळजी किती ते आम्हाला कळायचं.

विक्रेते टाय लावून यायचे, दारात चपला... म्हणजे बूट काढायचे, आणि मोज्यांवर उभं राहून प्रेझेंटेशन द्यायचे. मोज्यावर उभ्या माणसाचा निम्मा तोरा आधीच गेलेला असतो.

"सर, आमच्या सिस्टीममध्ये डिस्क गेली ना, तरी तुम्हाला कळणारसुद्धा नाही!"

"कळणारच नाही? मगे?"

"मग... ती स्वतःच सगळं सांभाळते ना, सर."

"आणि तिला सांभाळता आलं नाही, तर ते कळेल?"

"सर, तसं आजवर कुठे झालेलं नाही."

"मगे?"

एक जण तर तिसऱ्या "मगे"ला इतका गांगरला की स्वतःच्याच लॅपटॉपचा चार्जर विसरून गेला. काकांनी चार्जरला चिठ्ठी चिकटवली, मालकाचं नाव, तारीख, कुठल्या प्लगला सापडला ते, आणि कपाटात ठेवला. पंधरा दिवसांनी तो बिचारा शोधत आला, तेव्हा काका इतके खूश झाले की त्याला चहा पाजला. सिस्टीम मात्र घेतली नाही.

काकांची कसोटी साधी होती, आणि ती त्यांनी मला जेवताना समजावली. "हे बघ, मे महिन्यात आमची अर्धी बिल्डिंग गावाला जाते. जाताना घराची चावी कोणाकडे तरी द्यावी लागते. आमच्याकडे दोन शेजारी होते. एकाला कधीही फोन लावा, 'सगळं मस्त, काळजीच करू नका.' परत आलो तर बेसिनचा नळ महिनाभर गळत होता, खालच्या घराचं छत फुगलं. दुसरा शेजारी म्हणजे नुसती कटकट. गावातल्या दुकानावर फोन करून निरोप ठेवायचा. तुमच्या खिडकीत कबुतराने अंडं घातलंय. तुमच्या दारावर कोणीतरी पेपर टाकून गेलंय. आज मला चावी फिरवायला जड गेली. काकू इतकी वैतागायची! पण पुढच्या वर्षी चावी कोणाला दिली असेल?"

"कटकट्याला."

"बघ. आणि या लोकांना मी तेच विचारतो, तर सगळे पहिल्या शेजाऱ्यासारखे बोलतात."

शेवटी दोन सॉफ्टवेअरं चाचणीला उरली. त्यांची खरी नावं इंग्रजी आणि अवघड होती. काकांनी त्यांना नावं ठेवली, हसरी आणि कुरकुरी. हसरीचा स्क्रीन बघण्यासारखा, गोलगोल आकडे, सगळीकडे हिरवं, फोटो आला की गपकन घ्यायची आणि "मिळाला" म्हणून पोच द्यायची. कुरकुरीचा स्क्रीन म्हणजे सरकारी फॉर्म. कामाला जरा संथ, आणि दर दोन तासांनी काहीतरी तक्रार. या डिस्कला आज वेळ लागतोय. त्या मशिनीचं घड्याळ अर्धा सेकंद मागे आहे. मी अर्थातच हसरीच्या बाजूची. डायरेक्टरही. चाचणीचा रिपोर्ट लिहायचं काम माझ्याकडे होतं आणि मला तो झकास लिहायचा होता. नोकरीतला माझा पहिला मोठा कागद होता तो.

इथे काकांच्या लोकरीबद्दल सांगायला हवं. काकू स्वेटर विणायच्या. मुंबईत स्वेटर घालणारा एकच माणूस त्यांना मिळाला होता आणि त्यांनी त्याचं सोनं केलं होतं. उरलेल्या लोकरीचे गुंडे काका ऑफिसात आणायचे. कोठीत विजेच्या तीन वेगळ्या लाईनी येतात. तीन प्रती ज्या तीन मशिनींवर आहेत, त्या मशिनी तीन लाईनींवर हव्यात, म्हणजे एक लाईन गेली तर एकच प्रत जाते. नकाशावर हे सगळं छान काढलेलं होतं. काकांचा नकाशावर विश्वास नव्हता. ते प्रत्येक मशिनीच्या मागे गुडघ्यावर बसायचे, वायर दोन बोटांत धरायचे आणि ती बोटं सरकवत सरकवत भिंतीपर्यंत जायचे. वायर खरंच कुठे पोचते ते हाताला कळलं, की मग तिच्या दोन्ही टोकांना लोकर बांधायची. पहिल्या लाईनीला लाल, दुसरीला हिरवी, तिसरीला पिवळी. कोठीत मागच्या बाजूने गेलं की लग्नघरात आल्यासारखं वाटायचं.

हसरी आणि कुरकुरी बसवताना दोघींनीही एकच प्रश्न विचारला होता, कुठली मशीन कुठल्या लाईनीवर आहे? उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. दोघींना मी तीन-तीन मशिनी दिल्या होत्या, इलेक्ट्रिशियनने सारख्याच जोडून ठेवलेल्या. मी माझ्या टेबलावर बसून भरून टाकलं, पहिली मशीन पहिल्या लाईनीवर, दुसरी दुसऱ्या, तिसरी तिसऱ्या. तसंच असणार होतं ना. कोण गुडघ्यावर बसतंय! आणि रिपोर्टातही तसंच लिहिलं, "तीन स्वतंत्र लाईनींवर तपासणी केली."

चाचणीच्या दिवशी काका रिपोर्टाचा कच्चा कागद हातात घेऊन आले.

"तीन लाईनी लिहिल्यास. हात लावून बघितलंस?"

"हो काका, बघितलं."

किती सहज निघालं ते तोंडातून. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, जरासंच जास्त वेळ. मग "बरां," म्हणाले आणि भिंतीकडे गेले. त्यांच्या स्वेटरच्या खिशातून पिवळ्या लोकरीचं टोक बाहेर आलेलं मला दिसत होतं. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

एक जुना कॉम्प्युटर दोघींनाही एकापाठोपाठ एक खोटे फोटो पाठवत होता. काकांनी पहिल्या लाईनीचा खटका खाली केला. दोघींचीही एकेक मशीन बंद पडायला हवी होती. पडल्या दोन-दोन. पहिली आणि तिसरी, दोघींच्याही.  पहिली आणि तिसरी पहिल्याच लाईनीच्या एका प्लगपट्टीला जोडलेल्या होत्या.

कुरकुरीने लगेच स्क्रीन लाल केला आणि हातच वर केले. माझ्याकडे एकच जागा उरली आहे, मी नवीन काही घेणार नाही. हसरी मात्र हिरवीगार. फोटो घेतेय, "मिळाला, मिळाला" म्हणतेय. भीती लपवायला मी मोठ्याने म्हटलं, "बघा काका, आपली हसरी चालू आहे!"

"मगे?"

दहा मिनिटं त्यांनी तसंच चालू दिलं. मग दोघींच्या उरलेल्या एकेका मशिनीतल्या डिस्क त्यांनी हाताने ओढून बाहेर काढल्या, जणू त्या मशिनीही मेल्या, आणि खटका वर केला. बंद पडलेल्या मशिनी जाग्या झाल्या. काका म्हणाले, आता गेल्या दहा मिनिटांतले फोटो मागा.

कुरकुरीने ते घेतलेच नव्हते. म्हणून ते पाठवणाऱ्याकडे पडून होते, पुन्हा पाठवले, आले. हसरीने चाळीस फोटोंची पोच दिली होती. पोच मिळाली की पाठवणारा आपल्याकडची प्रत पुसतो, आमच्या सगळ्या सेंटरांमध्ये तसंच चालतं. ते चाळीस फोटो आता जगात कुठेच नव्हते. आणि पुढची तीन मिनिटं हसरीचा स्क्रीन हिरवाच होता.

काका स्टुलावर बसून त्या हिरव्याकडे बघत राहिले. "हे चाळीस लोक कोण गो?" ते हळूच म्हणाले.

खोटेच फोटो होते, काका, असं मला म्हणायचं होतं. पण त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, त्या नसलेल्या चाळीस लोकांसाठी.

निर्णयाची मीटिंग दुसऱ्या दिवशी. डायरेक्टर माणूस वाईट नव्हता, पण घाईत असायचा. तो म्हणाला, "काका, तुम्ही दोन मशिनी एकदम पाडल्यात. असं प्रत्यक्षात होणार कसं? लाईनी वेगळ्या आहेत ना. हे बघा, हिने रिपोर्टमध्ये लिहिलंय, तीन स्वतंत्र लाईनी, तपासलंय म्हणून. ती पट्टी कोणीतरी नंतर बदलली असेल. हसरीच घेऊ या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक वाक्य बोलायचं होतं. मी बघितलं नव्हतं, एवढंच. ते न बोलता मी रिपोर्टाची पानं सारखी करत बसले. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती, ते एक कारण. पण खरं कारण ते नव्हतं. काकांच्या समोर ते बोलावं लागलं असतं, हे कारण होतं.

काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते चहाच्या कपातली साय चमच्याने कडेला करत होते. मग म्हणाले, "लाईनी कोणी तपासल्या, नाही तपासल्या, ते सोडा. माणूस आहे, घाईत काहीतरी लिहितोच. मीपण लिहिलंय. उद्या मी नसेन, तेव्हाही कोणीतरी लिहील. म्हणून तर मशीन अशी घ्या, की जी आपल्या खोट्यावर हसत बसणार नाही. माझ्याकडे एकच प्रत आहे हो, असं ओरडून सांगेल. कुरकुरी घ्या."

डायरेक्टरने रिपोर्ट मिटून बाजूला ठेवला. "तुम्ही जाताय काका, तिची कटकट आम्ही ऐकणार."

"ऐका. रोजची थोडी थोडी बरी."

कुरकुरी ठरली. मीटिंगनंतर मी कोठीत गेले. कुरकुरीची तिसरी मशीन खऱ्या तिसऱ्या लाईनीवर आली होती आणि तिच्या वायरीला पिवळी लोकर बांधलेली होती, नेहमीसारखी दुहेरी गाठ, चाचणीआधीच त्यांच्या खिशातून डोकावत होती तीच लोकर. मला कळलं, की त्यांनी वायर चाचणीच्या आधीच हाताने तपासली होती. म्हणजे मला प्रश्न विचारला, तेव्हा त्यांना उत्तर माहीत होतं. मी तिथे मशिनीमागे जमिनीवर बसून थोडा वेळ रडले. ते एक शब्द जरी बोलले असते तरी मला सोपं गेलं असतं.

पण नाही बोलले. शेवटच्या दिवशी शाल-श्रीफळ त्यांनी नको म्हटलं. श्रीखंडाचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. "मंगळवार आता तुझा," म्हणाले, आणि चपला घालून गेले. स्वेटर अंगातच होता. मला वाटलं, हा डबा दुसरं कोणी नाही म्हणून दिलाय.

एप्रिल संपता संपता त्यांचा फोन, रविवारी मुलुंडला जेवायला ये. काकूंनी कोलंबीचं सार केलं होतं. जेवण झाल्यावर काकांनी माझ्यासमोर एक चावी ठेवली. तिच्या भोकात पिवळी लोकर.

"दोन महिने गावाला जातोय. चावीच्या तीन प्रती केल्यात. एक खालच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे, पण तेही पंधरा दिवसांनी गावालाच. एक हिच्या बहिणीकडे, बोरिवलीला, तिचे गुडघे दुखतात. एक तू ठेव. तिन्ही मुलुंडात ठेवून काय उपयोग? मुलुंडचीच लाईन गेली तर?"

काकूंनी मला खिडकीच्या ग्रिलमधली अबोली दाखवली. रंगाच्या जुन्या डब्यात लावलेली, माहेरच्या अंगणातून आणलेली. दर रविवारी पाणी, एवढंच काम होतं. मी चावी घेतली. 

आणि मग मी दोन रविवार गेलेच नाही. जुन्या पेटाऱ्यातून सगळे फोटो कुरकुरीकडे हलवायचं काम सुरू होतं, आणि ती आपल्या नावाला जागत होती. रविवारीही ऑफिस. आज जाऊ, उद्या जाऊ. शेवटी एका मंगळवारी सुट्टी टाकून सकाळी मुलुंडला पोचले. दार उघडलं. अबोलीच्या काड्या झाल्या होत्या. हात लावला तर पान चुरून हातात आलं.

मी खाली धावले. स्टेशनच्या बाजूला रोपांची हातगाडी उभी असते. तिच्यावर अबोली होती, तोच केशरी रंग, उंचीही जवळपास तेवढीच. वर आणली, काकूंच्या डब्यातली माती उकरली, जुनी काढली, नवी लावली, पाणी घातलं, सांडलेलं पुसलं. लांब उभी राहून बघितलं. कोणी ओळखलं नसतं. जुन्या काड्या पिशवीत भरत होते तेवढ्यात फोन वाजला. घड्याळात अकरा.

"मंगळवार आज," काका म्हणाले. मागे कोंबडं ओरडत होतं. "म्हटलं, चिठ्ठी काढू. खंय आहेस?"

"तुमच्याच घरी, काका."

"अरे वा. मग सांग बघू, खिडकीत काय दिसतं?"

अबोली, असं म्हटलं असतं तर ते खोटंसुद्धा झालं नसतं. खिडकीत अबोलीच होती, चांगली टवटवीत. माझ्या डोळ्यांसमोर तो हिरवागार स्क्रीन आला.

"अबोली दिसते," मी म्हटलं. "पण ती तुमची नाही."

"मगे?"

"तुमची मेली, काका. मी दोन रविवार आलेच नाही. ही आत्ता स्टेशनवरून आणून लावली. तुम्हाला सांगणार नव्हते."

  आता थांबले तर पुन्हा कधीच तोंडातून निघणार नाही असं वाटलं, म्हणून मी पुढचंही सांगून टाकलं. "आणि त्या लाईनी मी बघितल्या नव्हत्या. हात लावला नव्हता. टेबलावर बसून लिहिलं. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले, आणि मीटिंगमध्ये गप्प बसले."

"माका ठाऊक आसा गो."

"ते मलाही ठाऊक आहे. लोकर बघितली मी. मग चावी का दिलीत मला?"

काका हसले. असे हसताना ते आधी नाकातून फुस्स करतात, मग खोकतात. "ट्रायलवर दिली होती," ते म्हणाले. "आता ठेव तुझ्याकडेच. आम्ही आलो तरी परत देऊ नको."

 मी खिडकीशी उभी राहून नाक ओढत होते, आणि ते त्यांना ऐकू जात असणार, कारण ते थोडा वेळ मुद्दाम खोकत राहिले.

"बरां, थांब," मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "काकूला फोन देतो. अबोलीचं तिला तूच सांग. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही."

अंगणातून चालत गेल्याचा आवाज आला, मग लांबून त्यांची हाक, "अगो, फोन आसा तुझो!" मी पिशवीतली जुनी अबोली बाहेर काढून हातात धरली आणि काकूंची वाट बघत उभी राहिले.